ह्यूस्टनची बॅग आणि माझा पहिला सिनॉप्सिस

विमानतळावरच्या प्रतीक्षेवर काम करायचं ठरवलं की प्रस्तावनेच्या पहिल्या दोन पानांत ह्यूस्टन हमखास येतं. माझ्याही पहिल्या मसुद्यात होतं. गाइडनी त्या परिच्छेदाभोवती पेन्सिलनं गोल काढला आणि बाजूला दोनच शब्द लिहिले: "मोजलं काय?" या दोन शब्दांनी माझे तीन आठवडे खाल्ले. तुम्ही सिनॉप्सिसच्या तयारीत असाल तर तुमचे तरी वाचावेत म्हणून हे लिहितेय.

गोष्ट अशी. ह्यूस्टनच्या एका विमानतळावर बॅगांसाठी फार थांबावं लागतं अशा तक्रारी येत होत्या. व्यवस्थापनानं बॅगा हाताळणारी माणसं वाढवली. सरासरी थांबणं ८ मिनिटांवर आलं, म्हणजे या क्षेत्रातल्या मापदंडात बसलं. तक्रारी मात्र चालूच. मग नीट पाहिल्यावर कळलं की गेटपासून बॅगेच्या पट्ट्यापर्यंत चालायला १ मिनिट लागतं आणि पट्ट्यापाशी ७ मिनिटं उभं राहावं लागतं. तेव्हा त्यांनी उतरायची गेटं मुख्य टर्मिनलपासून लांब नेली आणि बॅगा सर्वांत टोकाच्या पट्ट्यावर पाठवल्या. चालणं सहापट झालं. तक्रारी जवळजवळ थांबल्या.

झकास आहे ना? मलाही वाटलं होतं. ऑगस्ट २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये अ‍ॅलेक्स स्टोन यांनी रांगांवरच्या लेखात ती सांगितली आणि तिथून ती सगळीकडे पसरली. लेख उत्तमच आहे. पण तो वर्तमानपत्रातला लेख आहे. तक्रारी आधी किती होत्या, नंतर किती झाल्या, किती महिने मोजल्या, त्याच काळात आणखी काही बदललं का, यातलं काही त्यात नाही. पत्रकारानं ते द्यायलाच हवं असंही नाही. चूक आपली, कारण आपण तो 'पुरावा' म्हणून डकवतो.

आता गाइडच्या प्रश्नाकडे. तिथे मोजल्या गेल्या त्या तक्रारी. आपल्या सिनॉप्सिसच्या शीर्षकात असतो 'अनुभव'. या दोन गोष्टी एक आहेत असं कुणी ठरवलं?

गेल्या वर्षी आई पहिल्यांदा एकटी विमानानं आली. तिचे गुडघे गेलेत. एका मोठ्या विमानतळावर (नाव राहू दे) गेटपासून बाहेर येईपर्यंत ती तीन ठिकाणी बसली. व्हीलचेअर मागता येते हे तिला ठाऊक होतं, पण "उगीच कशाला त्या पोरांना त्रास" म्हणून मागितली नाही. पट्ट्यापाशी पोचली तेव्हा तिची बॅग गोल गोल फिरत होती. म्हणजे थांबणं शून्य मिनिटं. तक्रारही शून्य, कारण ती कुठे करतात हे तिला माहीतच नव्हतं. ह्यूस्टनच्या हिशेबात आई समाधानी प्रवासी ठरते.

दुसरी गफलत डेव्हिड मेस्टर यांच्या नावावर होते. १९८५ चा त्यांचा 'द सायकॉलॉजी ऑफ वेटिंग लाइन्स' हा निबंध वाचलाच पाहिजे, भाषा इतकी सोपी की एका बैठकीत होतो. रिकामा वेळ भरलेल्या वेळापेक्षा मोठा वाटतो, किती थांबायचं ते माहीत नसलं की थांबणं लांबतं, कारण न सांगितलेली वाट जास्त टोचते, एकट्यानं थांबणं जड जातं, अशी आठ विधानं त्यात आहेत. मेस्टर त्यांना 'प्रोपोझिशन्स' म्हणतात. म्हणजे मांडणी, पुढे तपासून बघण्यासाठी ठेवलेली. आपल्याकडच्या प्रबंधांत मात्र "मेस्टर यांनी सिद्ध केले आहे की..." अशी वाक्यं सर्रास दिसतात. मौखिकीला बाहेरच्या परीक्षकानं मूळ निबंध वाचलेला असेल तर पंचाईत.

तपासण्याचं काम नंतर इतरांनी केलं. आपल्या विषयाला सगळ्यात जवळचा शर्ली टेलर यांचा १९९४ चा 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मधला अभ्यास आहे. त्यांनी विमानाला उशीर झालेल्या प्रवाशांनाच प्रश्न विचारले. उशीर झाला की सेवेबद्दलचं मत घसरतं, पण ते घसरतं राग आणि अनिश्चितता यांच्या मार्गानं. आणि या भावना किती तीव्र होतात ते दोन गोष्टींवर ठरतं: वेळ कशानं तरी भरलेला होता का, आणि उशीर कंपनीच्या हातातला होता का. ह्यूस्टनच्या गोष्टीत पहिलीच गोष्ट आहे. दुसरी, म्हणजे 'हे तुमच्या हातात होतं की नाही', तिथे प्रवाशाला कळूच दिलेली नाही.

इथे मला लिन शोस्टॅक यांचा १९८४ चा लेख उपयोगी पडला. 'सर्व्हिस ब्लूप्रिंट' म्हणून जो आराखडा आपण सगळे काढतो तो त्यांचा. लेखात त्यांनी कोपऱ्यावरच्या बूटपॉलिशवाल्याचं उदाहरण घेतलंय, विमानतळाइतकं अवजड काही नाही. त्या आराखड्यात एक आडवी रेषा असते: वर ग्राहकाला दिसणारं काम, खाली न दिसणारं. ह्यूस्टनचा आराखडा स्वतः काढून बघा. बॅग उतरवणं, गाडीवर चढवणं, पट्ट्यावर टाकणं हे सगळं रेषेखाली आहे आणि शेवटच्या दुरुस्तीत त्यातलं काहीही वेगवान झालं नाही. बॅगेला लागणारा वेळ तेवढाच धरला, तर ७ मिनिटांच्या उभं राहण्यातली ५ मिनिटं चालण्यात गेली, इतकंच. मी याला फसवणूक म्हणणार नाही; बऱ्याच जणांना चालणं खरंच बरं वाटलं असेल. पण 'सेवा सुधारली' म्हणायलाही जीभ रेटत नाही.

घड्याळ कुठून सुरू होतं यावर किती अवलंबून आहे बघा. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोनं विमान कंपन्यांना बजावलं, की इंजिन बंद झाल्यापासून पहिली बॅग १० मिनिटांत आणि शेवटची ३० मिनिटांत पट्ट्यावर आली पाहिजे. हे घड्याळ इंजिनाशी बांधलेलं आहे. प्रवाशाला कितीही चालवा, त्यात एका सेकंदाचा फरक पडत नाही, आणि म्हणून मला ते घड्याळ आवडतं. पण पंधराव्या मिनिटाला उभ्या असलेल्या माणसाला आपली बॅग पहिल्यांत आहे की शेवटच्यांत हे कळत नाही, आणि मेस्टर-टेलर ज्या अनिश्चिततेबद्दल बोलतात ती नेमकी तिथे असते. ते या घड्याळात मावत नाही. त्याच वर्षी जानेवारीत गोव्याहून दिल्लीला निघालेलं विमान धुक्यामुळे मुंबईला वळवलं गेलं आणि प्रवासी विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवले. चित्र तुम्हाला आठवत असेल. जेवत होते, म्हणजे वेळ 'भरलेला' होता. त्यानं राग गेला असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

तर मी काय बदललं. ह्यूस्टन काढलं नाही, प्रस्तावनेतून उचलून संशोधन-प्रश्नांच्या आधी नेलं, 'असं मोजलं तर काय सुटतं' याचं उदाहरण म्हणून. इंजिनापासूनचं घड्याळ आणि प्रवासी पट्ट्यापाशी पोचल्यापासूनचं, अशी दोन्ही वेगळी नोंदवायचं ठरवलं. तक्रारवहीचा आधार घेणार आहे, पण मुलाखतींसाठी मुद्दाम तक्रार न केलेली माणसं शोधणार आहे. ती शोधायची कशी हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. पट्ट्याजवळ बॅग घेऊनही लगेच न निघता बसून राहिलेल्यांपासून सुरुवात करावी असं वाटतंय.

दुसरा मसुदा परवा परत आला. या वेळी गोल 'प्रवासी' या शब्दाभोवती आहे.