अनुकूलन कोणाचे? : ‘बनगरवाडी’, ‘गोतावळा’ आणि ‘सत्तांतर’

ग्रामीण जीवनावरील मराठी कादंबरीची चर्चा करताना ‘बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेणारा माणूस’ हे वर्णन समीक्षेत वारंवार आढळते. दुष्काळ येतो, यंत्र येते, धरण येते आणि माणसे त्यातूनही तगून राहतात. हे तगून राहणे चिवटपणाचे, जीवनेच्छेचे द्योतक मानून समीक्षक त्याचा गौरव करतो. गौरवाचा हेतू चांगला असला तरी ज्या संकल्पनेच्या आधारे तो केला जातो तिची तपासणी मात्र क्वचितच होते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955), आनंद यादवांची ‘गोतावळा’ (1971) आणि माडगूळकरांचीच ‘सत्तांतर’ (1982) या तीन कादंबऱ्यांत माणूस आणि जनावर एकाच बदलाला सामोरे जातात किंवा एकमेकांच्या जागी उभे राहतात. त्यामुळे ही तपासणी करण्यास त्या विशेष उपयुक्त ठरतात.

प्रथम शब्दांचा विचार करावयास हवा. ‘अनुकूलन’ हा जीवशास्त्राचा पारिभाषिक शब्द आहे. 1859 मध्ये डार्विनने जी उपपत्ती मांडली तिच्यात अनुकूलन हा एकेका प्राण्याच्या प्रयत्नाचा भाग नाही. पिढ्यान्‌पिढ्या होणारे लहान लहान फरक आणि त्यांतून निसर्गाने केलेली निवड यांचा तो परिणाम आहे. जो प्राणी परिस्थितीत बसत नाही तो बदलत नाही. तो संततीवाचून मरतो. अनुकूलनाची हकीकत ही नेहमीच वाचलेल्यांच्या बाजूने लिहिलेली असते. ‘जुळवून घेणे’ या मराठी क्रियापदाचा व्यवहार निराळा आहे. एका आयुष्याच्या अवधीत, समजून-उमजून, दुसऱ्या कोणाशी तरी केलेली ती कृती आहे. रुळणे, सरावणे, निभावणे, अंगवळणी पडणे, सोसणे ही क्रियापदे तिच्या आसपासची. त्यांपैकी प्रत्येकात स्वेच्छेचे आणि सक्तीचे प्रमाण वेगळे आहे. समीक्षा जेव्हा हे सगळे एका ‘अनुकूलना’त कोंबते तेव्हा माणसांनी घेतलेल्या निर्णयांना निसर्गनियमाचे रूप प्राप्त होते. मळ्याच्या मालकाने केलेला हिशेब आणि न पडलेला पाऊस या दोन्ही गोष्टी मग केवळ ‘परिस्थिती’ होऊन बसतात.

‘बनगरवाडी’चा शेवट हा या गोंधळाचा पहिला नमुना आहे. औंध संस्थानातील एका धनगरवाडीवर तरुण मास्तर येतो, ओस पडलेली शाळा चालू करतो, कारभाऱ्याच्या आणि वाडीकरांच्या साहाय्याने तालीम उभी राहते. पुढे दुष्काळ पडतो, मेंढरे मरू लागतात, माणसे वाडी सोडतात आणि अखेरीस मास्तरही निघतो. हा शेवट बहुधा एका लहानशा समाजाच्या विनाशाचा म्हणून वाचला जातो. परंतु विनाश कोणत्या मोजपट्टीने ठरवावयाचा?

माणदेश हा पर्जन्यछायेचा मुलूख. तेथील मेंढपाळांनी त्या मुलखाशी जो मेळ घातला त्याचे मुख्य साधन चालणे हेच आहे. पावसाच्या आणि चाऱ्याच्या अदमासाने कळप हलवणे, वाटेवरच्या शेतांत मेंढरे बसवून खताच्या मोबदल्यात धान्य घेणे, ठराविक काळाने परत येणे, अशी ही व्यवस्था आहे. ग्युंथर सोन्थायमर यांनी पश्चिम भारतातील पशुपालकांच्या देवतांचा जो अभ्यास केला त्यातून या भटकंतीचा देवाधर्माशी आणि मौखिक परंपरेशी असलेला संबंधही स्पष्ट झाला आहे. या दृष्टीने पाहता वाडी सोडणे ही धनगराच्या जीवनक्रमाला सर्वस्वी परकी गोष्ट नव्हे. शाळा, हजेरीपट, तालमीची इमारत या गोष्टी स्थिर वस्तीच्या आहेत आणि त्या मास्तराच्या मोजपट्टीवरील खुणा आहेत. कादंबरीचा निवेदक तोच असल्यामुळे वाडीचे रिकामे होणे हे त्याच्या मोजपट्टीने मोजले जाते.

याचा अर्थ दुष्काळाचे दुःख सौम्य आहे असा नाही. नेहमीच्या भटकंतीत परतीची खात्री असते. दुष्काळात ती नाहीशी होते आणि ज्याच्या बळावर चालावयाचे तो कळपच मरू लागतो. येथे धनगराचे जुने कौशल्य अपुरे पडते. तथापि कादंबरीतील खरा उपरोध दुसराच आहे. वाडीत उपरा म्हणून आलेला मास्तर हळूहळू तेथील बोलीला, माणसांना, त्यांच्या भांडणांना आणि लोभाला सरावतो. या कादंबरीत शब्दशः कोणी जुळवून घेतले असेल तर ते त्याने. आणि तो पुरता रुळतो त्याच सुमारास ज्याच्याशी रुळावयाचे ते गावच उठून जाते. जुळवून घेणाऱ्याला बक्षीस मिळतेच असा भरवसा ही कादंबरी देत नाही.

याच कादंबरीत बैलाची जोडी पुरी होत नाही म्हणून एक बाई स्वतः बैलाशेजारी जू ओढते तो प्रसंग आहे. निवेदक त्यावर भाष्य करीत नाही. चिवटपणाच्या भाषेत या बाईचे कौतुक करणे सोपे आहे. परंतु जनावराची जागा माणसाने भरून काढली की शेत नांगरले जाते आणि परिस्थितीशी मेळ बसल्यासारखे दिसते. त्या मेळाचे ओझे कोणाच्या खांद्यावर आहे हे मात्र कौतुकाच्या भाषेत सांगता येत नाही.

‘गोतावळा’मध्ये हाच प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो, कारण तेथे निवेदकच जुवाच्या बाजूचा आहे. नारबा हा दुसऱ्याच्या मळ्यातला गडी. त्याला संसार नाही. मळ्यातली जनावरे हेच त्याचे गणगोत. ट्रॅक्टर येतो आणि एकेका जनावराची गरज संपत जाते. ‘माणसाळणे’ या मराठी शब्दाचा येथे विचार करण्याजोगा आहे. जनावर माणसाच्या सहवासात येऊन माणसाच्या सवयींचे होते, असा त्याचा अर्थ. डार्विनच्या ग्रंथाचे पहिले प्रकरणच पाळीव प्राण्यांविषयीचे आहे. निवड म्हणजे काय हे तो प्रथम माणसाने केलेल्या निवडीवरून समजावतो. बैलाचा बांधा, त्याची ओढण्याची ताकद, त्याचा शांतपणा ही सारी माणसाने शेकडो पिढ्या केलेल्या निवडीची फळे. रानातल्या प्राण्याचे पर्यावरण रान असते. बैलाचे पर्यावरण माणूस आहे. म्हणून माणसाचा विचार बदलला की बैलाला जाण्यासाठी दुसरे रान नसते. ज्या गुणांमुळे तो जगला तेच गुण एका हंगामात निरुपयोगी ठरतात.

नारबाची स्थिती याच्या उलट आणि तरीही समांतर आहे. जनावर माणसाळले तसा नारबा जनावरांत मिसळला. त्याचे निवेदन कागल परिसरातील बोलीत आहे. त्या बोलीतील उपमा, तुलना, वासनेची आणि मायेची भाषा जनावरांच्या जगातून येते. त्यामुळे गोठा रिकामा होणे ही त्याच्या बाबतीत केवळ भावनिक हानी राहत नाही. तो ज्या शब्दांनी स्वतःला समजून घेतो त्या शब्दांचे विषयच विकले जातात. कादंबरीतील बोलीचा विचार बहुधा वास्तवाभासाच्या किंवा प्रादेशिकतेच्या अंगाने होतो. ती बोली म्हणजे एक अधिवास आहे आणि ट्रॅक्टरने त्या अधिवासाचीही मोडतोड केली आहे, असे म्हटल्यास ‘गोतावळा’च्या रचनेचे मर्म अधिक जवळून गवसते. येथे परिस्थितीशी उत्तम रीतीने जुळवून घेतले ते मालकाने. काळाची पावले ओळखणारा, फायद्याचा हिशेब जाणणारा असा तोच आहे. म्हणजे ‘बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेणारा माणूस’ हे वर्णन या कादंबरीला लागू करावयाचेच झाल्यास ते नारबाच्या धन्याला लागू पडते. नारबाच्या वाट्याला जी येते ती परिस्थिती धन्याच्या अनुकूलनातूनच निर्माण झालेली आहे.

‘सत्तांतर’मध्ये माणूस बाजूला सरतो आणि वानरांच्या टोळ्या केंद्रस्थानी येतात. नव्या नराने टोळीचा ताबा घेणे आणि त्यानंतर पिलांची हत्या होणे, हा या लघुकादंबरीच्या कथनातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग. त्यामागे वानरांच्या प्रत्यक्ष अभ्यासाची पार्श्वभूमी आहे. 1960 च्या दशकात सुगियामा यांनी धारवाडजवळ, तसेच मोहनोत यांनी जोधपूरला अशा हत्यांच्या नोंदी केल्या. सारा हर्डी यांचे अबूच्या वानरांवरील पुस्तक 1977 मध्ये आले. या नोंदींच्या अर्थाविषयी अभ्यासकांत मोठा वाद झाला. एका पक्षाच्या मते दाटीवाटीमुळे आणि माणसाच्या हस्तक्षेपामुळे बिघडलेल्या वर्तनाचे ते लक्षण होते. हर्डींच्या मते ती नराची फायद्याची रीत होती, कारण पिलू गेल्यावर मादी लवकर पुन्हा माजावर येते आणि नव्या नराचा वंश वाढतो. एकच कृती एका स्पष्टीकरणात परिस्थितीने केलेली विकृती ठरते आणि दुसऱ्या स्पष्टीकरणात अनुकूलन ठरते. पुढील संशोधनात दुसऱ्या स्पष्टीकरणाला बरेच बळ मिळाले असले तरी त्यातूनच आणखी एक गोष्ट पुढे आली. मादीही स्वस्थ बसत नाही. अनेक नरांशी संग करून पितृत्व संदिग्ध ठेवणे यांसारखे प्रतिडाव तिच्यापाशी असतात. नराला जे अनुकूल ते मादीला प्रतिकूल असते. एकाच टोळीत, एकाच झाडावर दोन विरोधी अनुकूलने नांदतात.

‘सत्तांतर’ची कलात्मक शिस्त या ठिकाणी जाणवते. निवेदन प्रमाण मराठीत, संयत, जवळजवळ नोंदवहीच्या वळणाचे आहे. नराचा धिक्कार नाही की मादीसाठी आक्रोश नाही. मात्र शीर्षक मानवी राजकारणातले आहे. 1977 आणि 1980 ही दोन सत्तांतरे पाहिलेल्या वाचकाने ते तसे वाचले तर नवल नाही. येथे रूपककथेचा मोह टाळावयास हवा. माणसाचे राजकारण वानरांसारखे आहे असे म्हटले की ते अटळ ठरते. आणि वानरांचे वर्तन राजकारणासारखे आहे असे म्हटले की वानरे दिसेनाशी होतात. कादंबरी शीर्षक आणि निवेदन यांच्यातील अंतर कायम ठेवते. वानराला निवड करता येत नाही अशा ठिकाणी माणसाला ती करता येते, ही जाणीव त्या अंतरातच आहे.

तिन्ही कादंबऱ्या एकत्र ठेवल्या की समीक्षेच्या रूढ वाक्याची उणीव स्पष्ट होते. त्या वाक्यात कर्ता एकवचनी आहे. प्रत्यक्षात मास्तर आणि धनगर, मालक आणि गडी, गडी आणि बैल, नर आणि मादी यांच्यासमोरची परिस्थिती एकच नसते. पुष्कळदा एकाचे जुळवून घेणे हीच दुसऱ्याची परिस्थिती असते. 1991 मध्ये आलेल्या विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’पासून धरणग्रस्तांच्या जीवनावरील लेखन समीक्षेपुढे आहे. विस्थापितांच्या ‘सोशिकते’ची प्रशंसा करणारी भाषा प्रशासनालाही सोयीची असते, कारण जे सोसू शकतात त्यांना आणखी सोसावयास लावता येते. साहित्यसमीक्षेने ही भाषा उसनी घेण्याचे कारण नाही. अनुकूलन हा शब्द वापरावयाचा असेल तर तो कोणाच्या संदर्भात, कोणाच्या निर्णयाने आणि कोणाच्या खर्चाने, हे त्याच वाक्यात सांगण्याची जबाबदारी समीक्षकावर येते. बैलाशेजारी जू ओढणाऱ्या बाईविषयी लिहिताना तरी ती टाळता येणार नाही.