बार्डची उपयुक्तता आणि मराठी शाहिरी परंपरा : एक चिकित्सा

प्रास्ताविक

टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि संवादातून कथा रचत खेळल्या जाणाऱ्या कल्पनारम्य खेळांमध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा आद्य खेळ मानला जातो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक खेळाडू योद्धा, मांत्रिक, चोर अशा एखाद्या पात्रवर्गाची भूमिका स्वीकारतो. ‘बार्ड’ हा त्यांपैकी गाणारा व कथा सांगणारा सोबती होय. ‘ना धड योद्धा, ना धड मांत्रिक’ असा आक्षेप त्याच्यावर वारंवार घेतला जातो. मराठी शाहिरी परंपरेच्या आधारे या आक्षेपाची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नियमांतील बार्ड

डग श्वेगमन यांनी १९७६ मध्ये हा पात्रवर्ग प्रथम मांडला. केल्टिक बार्ड, उत्तर युरोपातील स्काल्ड आणि दक्षिण युरोपातील फिरते गायक यांचे मिश्रण त्यात होते. १९७८ च्या नियमपुस्तकात बार्ड होण्यासाठी आधी योद्धा, नंतर चोर आणि शेवटी ड्रुइड, म्हणजे निसर्गपूजक पुरोहित, असा लांबचा मार्ग चालावा लागे. तेथे अनेक विद्यांची बेरीज म्हणजे बार्ड, अशीच कल्पना प्रबळ दिसते.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीत मात्र महत्त्वाचे परिवर्तन घडले. बार्डच्या गायनाने सोबत्यांच्या प्रत्येक हल्ल्याच्या फाशात एकाची भर पडू लागली. वीस बाजूंच्या फाशावर ही भर म्हणजे सामान्यतः शेकडा ५ इतकी वाढीव शक्यता. वीस वारांमागे सरासरी एक वार अधिक लागणार. २०१४ च्या आवृत्तीत बार्ड एखाद्या सोबत्याला आरंभी सहा बाजूंचा एक जादा फासा देतो. त्याची सरासरी साडेतीन असल्याने त्या एका प्रयत्नापुरती यशाची शक्यता साधारणपणे शेकडा साडेसतराने वाढते.

मात्र लागलेला वार योद्ध्याच्या नावावर जमा होतो, गायकाच्या नाही. बार्ड निरुपयोगी वाटतो, याचे एक मुख्य कारण मोजणीच्या या पद्धतीत आहे. त्याचे कार्य इतरांच्या यशात विरघळलेले असते.

शाहिराची उपयुक्तता

मराठी समाजाला ही भूमिका अपरिचित नाही. १६५९ मधील अफजलखान वधाचा अज्ञानदासाचा (अगिनदास) पोवाडा आणि १६७० मधील सिंहगडाच्या लढाईवरील तुळशीदासाचा पोवाडा सर्वश्रुत आहेत. या रचनांतील प्रत्येक तपशील इतिहासकार जसाच्या तसा स्वीकारत नाहीत. तथापि, तानाजी मालुसरे यांचा पराक्रम लोकांच्या ओठांवर राहिला, यात पोवाड्याचा वाटा मोठा आहे. हॅरी आक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तोही या मौखिक ठेव्याचे मोल ओळखूनच.

खेळातील बार्डशी तुलना करता येथे दोन भेद प्रकर्षाने जाणवतात. पहिला भेद साथीचा. शाहिराच्या डफाला तुणतुण्याची साथ आणि त्याच्या शब्दाला झीलकऱ्यांची झील असते. झील धरली जाते तेव्हा श्रोताही गायनाच्या कडेला उभा राहत नाही, आत ओढला जातो. खेळात प्रेरणा एकाच दिशेने वाहते. सोबती फासा घेतो, वापरतो आणि देणे-घेणे तेथेच संपते.

दुसरा भेद अधिक मूलभूत आहे. बार्डने विजयगीत गायले काय किंवा विलापगीत गायले काय, नियमानुसार फाशावरील भर तीच राहते. शाहिराच्या बाबतीत आशय हाच निर्णायक ठरतो. महात्मा फुले यांनी १८६९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला, तेव्हा त्यांनी महाराजांकडे शूद्र-अतिशूद्रांच्या नजरेने पाहिले. स्मरण कोणाचे आणि कोणत्या बाजूने करायचे, हा प्रश्नच त्यातून उभा राहिला. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. या पथकाने कामगाराला केवळ धीर दिला नाही, तर त्याच्या दुःखाचे कारणही सांगितले. ‘माझी मैना गावावर राहिली’ या अण्णा भाऊंच्या छक्कडीत कामगाराचा विरह आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या सीमाभागाची वेदना एकमेकांत मिसळल्या आहेत. येथे गीत बदलले असते, तर परिणामही बदलला असता.

समारोप

वरील विवेचनावरून बार्ड निरुपयोगी असल्याचा आक्षेप टिकत नाही. सोबत्याच्या यशात गायकाचा वाटा असतो, हे सत्य खेळाच्या नियमांनी अंकांत बसवले, हे त्यांचे श्रेय होय. परंतु गायक काय गातो, हे त्यांनी मोजणीबाहेर ठेवले. ही उणीव सूत्रधाराला दूर करता येईल. गीताचा आशय प्रसंगाला भिडतो किंवा नाही, हे पाहून त्याने भर कमी-अधिक करावी, तसेच सोबत्यांना झील धरण्याची संधी द्यावी.

हा प्रश्न खेळापुरता मर्यादित नाही. जेथे प्रत्येकाचे काम स्वतंत्र रकान्यात मोजले जाते, तेथे दुसऱ्याला समर्थ करणाऱ्याचा रकाना रिकामाच दिसतो. अध्यापनाचे कार्यही बहुतांशी याच जातीचे आहे. अशा वेळी रिकाम्या रकान्यावरून माणसाची उपयुक्तता ठरवण्यापूर्वी मोजपट्टीचीच चिकित्सा होणे अगत्याचे ठरते.