फोक फुकट नसतो : ‘उपरा’ हस्तकलेच्या अभ्यासासाठी वाचताना

हस्तकलेवर संशोधन आराखडा लिहायला बसलं की एक वाक्य हमखास येतं : ‘परिसरात सहज व मोफत उपलब्ध असलेल्या नैसर्गिक साहित्यापासून वस्तू तयार केल्या जातात.’ वाक्य साधंच आहे. पण ते न तपासता लिहिलं, तर अभ्यासातला निम्मा प्रश्न तिथेच गायब होतो. कसा, ते लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (1980) समोर ठेवून बघूया.

‘उपरा’ला 1981 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपण ते बहुतेक वेळा आत्मकथन म्हणून, जातिव्यवस्थेवरचं पुस्तक म्हणून वाचतो. पण गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणारं हे कैकाडी कुटुंब टोपल्या विणून पोट भरतं, हेही लक्षात घ्या. टोपलीसाठी फोक लागतो, आणि फोक कुणाच्या तरी बांधावर, ओढ्यावर, रानात असतो. म्हणजे विणकाम सुरू होण्याआधीच एक व्यवहार घडलेला असतो. कधी परवानगीचा, कधी अपमानाचा. ‘मोफत’ या शब्दात हे कुठेच दिसत नाही.

आता याच्याशेजारी त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ (1915) ठेवा. माहितीसाठी ते अजूनही मोलाचं आहे. मात्र त्यात फिरस्त्यांकडे बघणारी नजर गावातल्या कुणब्याच्या बाजूची आहे. फिरस्ते म्हणजे त्याच्यावरचा भार. एकच फोक : एकाला तो रानाचं नुकसान वाटतो, दुसऱ्याला संध्याकाळची भाकरी. दोन्ही पुस्तकं वाचल्याशिवाय साहित्याच्या हक्काचा प्रश्न नीट मांडताच येत नाही.

म्हणून ‘उपरा’ डोळे झाकून वापरायचं का? नाही. त्याच्या मर्यादा दोन. टोपली कशी विणायची हे शिकवणारं ते पुस्तक नाही. बुडाची मांडणी, फोकाची जाडी, ओल किती हवी, ही नोंद तुम्हाला कारागिरासमोर बसूनच करावी लागेल. दुसरं, मानेंचं बालपण फलटण भागातलं. तिथला अनुभव उचलून थेट सोलापूरला लावता येणार नाही.

आणि सोलापुरात तर हा प्रश्न जास्तच टोचतो. गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथे तारेच्या कुंपणाची वसाहत होती. कैकाड्यांसह अनेक जमातींची माणसं त्यात डांबली गेली, त्यांच्यातल्या अनेकांना गिरण्यांत कामाला लावलं गेलं. कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. त्या भागाला लोक आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात. ज्यांच्या कामाचं साहित्यच उघड्यावर उगवतं, त्यांना हजेरी लावून कुंपणात ठेवल्यावर त्या कलेचं काय झालं असेल? ‘प्लॅस्टिक आलं आणि कला संपली’ हे तयार उत्तर लिहिण्याआधी हा प्रश्न विचारा. प्लॅस्टिकचा वाटा असेलच, पण तेवढंच कारण होतं हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल.

क्षेत्रकार्यासाठी एक सोपी युक्ती सांगतो. वहीत प्रत्येक साहित्यापुढे तीन रकाने करा : कुठे उगवतं, जमीन कुणाची, आणायला काय द्यावं लागतं. निरगुडी ओढ्याकाठी मिळते. तरवड माळावर, पडीक जमिनीवर. तुराट्या मात्र शेतकऱ्याच्या, त्याही तूर झोडपून झाल्यावरच. तिन्ही ‘नैसर्गिक साहित्य’च, पण तिन्हींचा व्यवहार वेगळा. पैसे, धान्य, तयार टोपली, नुसती विनवणी, जे असेल ते तिसऱ्या रकान्यात लिहा. वेळही लिहा. फोक गोळा करायला अर्धा दिवस जात असेल, तर तो टोपलीच्या किमतीत धरलाय का?

हे रकाने भरल्यावर तुमच्या आराखड्यातलं ते पहिलं वाक्य पुन्हा वाचा. ‘सहज’ आणि ‘मोफत’ हे दोन शब्द ठेवायचे की खोडायचे, हे मग तुमची वहीच सांगेल.