पडद्यावरची तार आणि खांबावरची तार

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. देशातले ते पहिले. २००५-०६ मध्ये तेथे प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्या आल्या. अशा परिसरातल्या एखाद्या पाड्यावर संध्याकाळी दिवा मिणमिणू लागला, तर वर्गातला एखादा मुलगा हमखास विचारणार, ‘सर, वीज इथे तयार होते, मग आमचाच दिवा मंद का?’

दिव्याखाली अंधार, एवढे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. केंद्रातली वीज अतिउच्च दाबाने थेट देशाच्या जाळ्यात जाते. पाड्यावर ती उपकेंद्र, फीडर, डीपी म्हणजे रोहित्र आणि लघुदाबाची तार अशी वळसा घालून येते. या शेवटच्या टप्प्याला वितरण म्हणतात. नवी डीपी कुठे बसवायची, कोणती तार बदलायची, हे ठरवायला वीज कंपन्या आता संगणकाची मदत घेतात. ही सॉफ्टवेअर निवडताना काय पाहिले जाते आणि काय पाहायला हवे, याची आपण येथे थोडी झडती घेऊ.

या सॉफ्टवेअरमधले गणित आपल्या ओळखीचे आहे: ओहमचा नियम आणि किरचॉफचे नियम. फक्त ते हजारो खांबांसाठी एकदम सोडवले जाते. आपण एकाच तारेचे सोडवू. आपल्याकडे वितरणाच्या तारांना प्राण्यांची नावे आहेत: स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग. रॅबिट तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ०.५५ ओहम, तिच्याहून बारीक वीझलचा सुमारे ०.९३ ओहम. समजा, डीपीपासून १ किलोमीटरवर पाडा आहे आणि तेथे १० अँपिअर प्रवाह लागतो. जायची आणि यायची मिळून तार २ किलोमीटर. रॅबिट असेल तर दाब ११ व्होल्टने घटेल; २३० चे २१९ उरतील. वीझल असेल तर १८.६ व्होल्टने घटेल; उरतील सुमारे २११. लघुदाबावर ६ टक्के घट चालते, म्हणजे सुमारे २१६ व्होल्टपर्यंत. रॅबिट उत्तीर्ण, वीझल नापास!

आता असे समजा, की कागदोपत्री रॅबिट आहे, पण कधीतरी वादळात तार तुटली तेव्हा हाताशी होती ती वीझल ओढली गेली. कचेरीतल्या पडद्यावर २१९ व्होल्ट दिसतात. संगणकाचे गणित बिनचूक, उत्तर मात्र चूक. दिवा मंद आहे हे पाड्याला ठाऊक, तार कोणती हे वायरमनला ठाऊक, आणि योजना आखणाऱ्याला दोन्ही ठाऊक नाही. म्हणून आमचे पहिले म्हणणे असे, की सॉफ्टवेअरची पहिली परीक्षा त्याच्या गणिताची नसून त्याच्या नोंदींची आहे.

केंद्र सरकारच्या २००८ च्या पुनर्रचित वीज सुधारणा कार्यक्रमात ही गोष्ट ओळखली गेली होती, हे मान्य केले पाहिजे. त्याच्या ‘अ’ भागात आधी जाळ्याचा नकाशा, ग्राहकांची डीपीवार नोंद आणि संगणक यंत्रणा होती; तारा व डीपी यांची कामे ‘ब’ भागात. हा क्रम योग्यच होता. उणीव होती ती हद्दीची. सर्वसाधारण राज्यांत २००१ च्या जनगणनेनुसार ३० हजारांहून अधिक वस्तीची शहरेच त्यात घेतली गेली. पण फीडर काही नगरपालिकेची वेस ओळखत नाही. पालघर किंवा बोईसरकडून निघालेली तार पुढे शेतांतून आणि पाड्यांवरून जाते. अर्ध्याच तारेचा नकाशा असेल, तर टोकाचे उत्तर कसे मिळणार?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संगणक ‘सर्वोत्तम’ योजना काढतो, पण सर्वोत्तम म्हणजे काय हे माणूसच ठरवतो. २०२१ च्या सुधारित वितरण योजनेची ठळक उद्दिष्टे दोन होती: देशपातळीवर गळती १२ ते १५ टक्क्यांवर आणणे आणि खर्च व वसुली यांतली तफावत मिटवणे. दोन्ही आवश्यकच. मात्र तारेतली गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे फक्त गळती मोजणारे सॉफ्टवेअर बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतली जाड प्रवाहाची तार आधी सुधारायला सांगेल. वर घेतलेल्या पाड्याच्या वीझलमध्ये जेमतेम १८६ वॉट वाया जातात. ती यादीत तळाशीच राहणार. ‘कोणत्याही घरी २१६ व्होल्टहून कमी नको’ ही अट आधी घातली, तरच तिचा क्रमांक वर येईल. अशी अट घालता येते, पण ती आठवणीने घालावी लागते.

तिसरी गोष्ट उद्याच्या मागणीची. २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत गेली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. वीज किती लागेल याबरोबरच ती कुठे लागेल, हेही सांगावे लागेल. गेल्या वर्षांच्या आकड्यांची रेघ पुढे ओढून ‘कुठे’ कळत नाही.

तेव्हा खरेदीपूर्वी रंगीत नकाशांचे प्रात्यक्षिक पाहून भुलू नये. आपल्याच एका फीडरची माहिती देऊन संगणकाने काढलेला दाब टोकाच्या घरी मोजून ताडावा. वायरमनने सांगितलेली दुरुस्ती किती दिवसांत नकाशावर चढते, हे विचारावे. आणि माहिती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येते की नाही, हे करारातच लिहून घ्यावे. नाहीतर कंपनी विक्रेत्याच्या दावणीला बांधली जाईल.

शिक्षकांना यातून एक उपक्रम घेता येईल. शाळेजवळच्या डीपीपासून शेवटच्या घरापर्यंतचे खांब मुलांनी दुरूनच, कशालाही हात न लावता, मोजावेत आणि नकाशा काढावा. तारेचे नाव गावच्या वायरमनला विचारावे. मग वरचे गणित करावे. आपल्या गावाचे उत्तर उत्तीर्ण आले की नापास, हे मुलांना स्वतःलाच कळेल.