‘स्काम’ : लाज आणि हाक

‘स्काम’ या नॉर्वेजियन शब्दाचा अर्थ लाज. ऑस्लोच्या एका हायस्कुलातील मुलामुलींवरील या नावाची मालिका यूली आन्देम यांनी एन.आर.के. या सार्वजनिक प्रसारण संस्थेसाठी २०१५ ते २०१७ या काळात निर्माण केली. कथेतील प्रसंग ज्या दिवशी, ज्या वेळी घडे, त्याच वेळी त्याचा काही मिनिटांचा तुकडा इंटरनेटवर येई. शुक्रवारी ते सारे एकत्र गुंफले जात. चार पर्वांत आपण अनुक्रमे एव्हा, नूरा, इसाक आणि साना यांच्या मनात वावरतो.

मोठी माणसे येथे क्वचितच दिसतात. हेच मालिकेचे बळ आणि हीच तिची उणीवही. साना या मुस्लिम मुलीची प्रार्थना आदराने रंगवली आहे. ख्रिस्ती श्रद्धा मात्र प्रामुख्याने इसाकच्या मनोरुग्ण आईपुरतीच उरते. इसाक घराबाहेर राहतो, आपले समलिंगी आकर्षण दडवतो. अखेर तो आईला ते कळवतो, तेव्हा तिचे उत्तर निखळ मायेचे येते. इतका मोलाचा क्षण फोनवरील संदेशात उरकला, याची चुटपुट लागते.

तरीही पालकांनी ही मालिका पाहावी. त्यातील काही दृश्ये खटकतील. पण आपली मुले कोठे लपतात, हे उमगेल. एदेन बागेत लाजेने लपलेल्या आदामाला देवाने आधी हाक मारली, जाब नंतर विचारला. आपल्या घरांत हा क्रम उलटा तर झालेला नाही ना?