दुकानाच्या फेऱ्या मोजताना आपण नेमकं काय मोजतो?

२४ मार्च २०२० ची रात्र आठवतेय? आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले, मध्यरात्रीपासून २१ दिवस देश बंद म्हणाले, आणि साडेआठला तुमच्याही घरातलं कोणीतरी पिशवी घेऊन जिना उतरत होतं. दुसऱ्या दिवशी बातम्यांमध्ये दुकानांपुढच्या रांगांचे फोटो होते आणि त्याखाली एक शब्द होता: ‘पॅनिक बाइंग’. म्हणजे घाबरून केलेली खरेदी.

माझ्या पीएचडीचा एक चॅप्टर याच खरेदीवर आहे. लॉकडाउनमध्ये लोक किराणा कसा आणत होते, हा त्याचा विषय. त्यासाठी मी जो डेटा वापरला आणि या विषयावरच्या असंख्य अभ्यासांनी वापरला, त्यावर आज टीका करणार आहे. त्यात माझ्या स्वतःच्या मसुद्यावरची टीकाही आली.

आधी डेटा काय आहे ते सांगते. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला गुगलने ‘कम्युनिटी मोबिलिटी रिपोर्ट्स’ जाहीर करायला सुरुवात केली. लोक कुठे किती जातात याचे सहा गट होते: किराणा आणि औषधं, इतर दुकानं आणि करमणूक, बागा, बसथांबे-स्टेशनं, कामाची ठिकाणं आणि घर. ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० हे पाच आठवडे ‘नेहमीचे दिवस’ धरायचे. त्यातल्या सोमवारांशी आजच्या सोमवारची तुलना करायची आणि फरक टक्क्यांत सांगायचा. उणे ५० म्हणजे गर्दी निम्म्यावर आली. ऑक्टोबर २०२२ पर्यंत हे आकडे येत राहिले, आणि तेही फुकट. माझ्यासारख्या विद्यार्थ्याला, जिला घराबाहेर पडून सर्वेक्षण करणं शक्यच नव्हतं, तिला हे घबाडच होतं. कोणाचीही वैयक्तिक माहिती उघड होणार नाही याची काळजीही त्यात घेतली होती. तेव्हा डेटा वाईट आहे, असं मी म्हणत नाहीये.

त्याच्या मर्यादा तशा सगळ्यांना ठाऊक आहेत, त्या पटकन सांगून टाकते. ज्यांच्या फोनवर ‘लोकेशन हिस्टरी’ चालू आहे तेवढेच लोक यात येतात, आणि ती मुळात बंद असते, आपण चालू करावी लागते. म्हणजे घरात एकच स्मार्टफोन असेल आणि तो मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी घरी ठेवून आई दुकानात गेली, तर ती दुकानात गेलीच नाही. भारतासाठी नंतर जिल्ह्यापर्यंतचे आकडे मिळू लागले, पण पुणे जिल्ह्याच्या एका आकड्यात कोथरूडही आलं आणि वेल्हेही. या गोष्टी आम्ही अभ्यासक शेवटच्या ‘मर्यादा’ नावाच्या परिच्छेदात लिहितो आणि हात झटकतो.

माझा आक्षेप त्याच्या पुढचा आहे. समजा, प्रत्येकाकडे फोन आहे, लोकेशन चालू आहे आणि आकडा अगदी अचूक आहे. तरीही एक ‘फेरी’ म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच.

माझ्या मामाचं पर्वतीच्या पायथ्याशी एका वस्तीत किराणा दुकान आहे. दहा बाय बाराचं असेल. गेल्या दिवाळीत मी त्याच्याकडून २०२० ची उधारीची वही मागून घेतली. (नावं झाकून वापरायची, या अटीवर त्याने दिली.) तुमच्या-माझ्या घरात महिन्याचा किराणा ‘भरतात’. यादी होते, पाच किलो तेलाचा डबा येतो, डाळी डब्यांत जातात. या वहीत असलं काही नाही. दहाचं तेल. पाचची चहापत्ती. पाव किलो साखर. एक अंडं. संध्याकाळी परत दहाचं तेल. एकच घर, एकच दिवस, तीन नोंदी.

यात गबाळेपणा नाही, हिशेब आहे. संध्याकाळी मजुरी हातात पडते, त्यातून रात्रीचं आणि सकाळचं येतं. महिन्याचं एकदम भरायचं तर महिन्याचा पगार एकदम लागतो, ते ठेवायला उंदीर न लागणारी जागा लागते. सुट्टं घेणं महागही पडतं. दहा-दहाचं तेल महिनाभर घेतलं तर डब्यापेक्षा जास्त पैसे जातात, हे त्या बायकांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. पण डब्याचे पैसे एका दिवशी कधी हातात नसतात.

आता हीच दोन घरं गुगलच्या आकड्यात टाकून बघा. पगारदार घर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकदा गेलं, दोन महिन्यांचं घेऊन आलं आणि घरी बसलं. आलेखात ते शहाणं दिसतं, बाहेर जाणं एकदम कमी. वस्तीतलं घर रोज जात राहिलं. आलेखात ते ऐकत नाही असं दिसतं. साठा कोणी केला? पहिल्या घराने. बेशिस्त कोण ठरलं? दुसरं घर.

माझ्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: “कमी उत्पन्न गटात नियमपालनाचे प्रमाण कमी आढळते.” आकड्यांच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. गाइडनीही त्यावर खूण केली नव्हती. मी ते मामाला वाचून दाखवलं. तो गल्ला मोजत होता. म्हणाला, “अगं, नियम पाळायला आधी महिन्याचं तेल लागतं.” आणि पुढे मोजत बसला.

मी ते वाक्य काढलं. पण ते लिहिलं गेलं कसं, हे बघणं मला जास्त गरजेचं वाटतं, कारण अशी वाक्यं मी एकटीच लिहीत नाही. ‘दुकानातल्या फेऱ्या कमी झाल्या’ हे निरीक्षण आहे. ‘लोकांनी नियम पाळला’ हा निष्कर्ष आहे. या दोघांमध्ये एक गृहीतक गुपचूप बसलंय: प्रत्येक घराला फेऱ्या कमी करणं सारखंच शक्य आहे. ते कोणी लिहीत नाही, म्हणून ते कोणी तपासतही नाही.

तुम्ही म्हणाल, विषाणूला काय त्याचं? दहाचं तेल घ्यायला आलेला माणूस असो की डबा घ्यायला आलेला, गर्दी ती गर्दीच. अगदी मान्य. साथ किती पसरेल याचं गणित मांडणाऱ्याला माणसं किती एकत्र आली एवढंच हवं असतं आणि त्यासाठी हा आकडा चांगला आहे. घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर. ‘किती गेले’ यासाठी घेतलेला आकडा आपण ‘कसे वागले’ यासाठी वापरतो, तिथे. वजनकाट्यावर उंची मोजण्यासारखं आहे ते. आकडा येतो, पण उंचीचा नाही.

‘पॅनिक’ या शब्दाचंही तसंच. पुणेकरांना २०२० चा जुलै आठवत असेल. १० तारखेला, शुक्रवारी जाहीर झालं की १३ च्या मध्यरात्रीपासून २३ पर्यंत शहर कडक बंद, आणि त्यातले पहिले पाच दिवस दूध-औषधांपलीकडे काही नाही, किराणासुद्धा बंद. हातात शनिवार, रविवार आणि सोमवार. त्या तीन दिवसांत लोक दुकानांकडे धावले. धावणार नाहीत तर काय? पाच दिवस दुकान बंद राहणार हे ज्याला सांगितलंय, तो आदल्या दिवशी तांदूळ घेऊन ठेवतो. याला घबराट म्हणायचं की नियोजन? आलेखात असा शनिवार-रविवार उंचवटा म्हणून उमटतो, आणि त्या उंचवट्याला ‘पॅनिक’ नाव दिलं की कारण लोकांच्या मनात शोधलं जातं. मुदत किती दिली होती, हा प्रश्न मग मागे पडतो.

रेशनचं उदाहरण घ्या. मार्च २०२० च्या अखेरीस केंद्राने माणशी महिना पाच किलो धान्य जास्तीचं आणि फुकट द्यायचं जाहीर केलं. त्याचा आधार झाला, यात वाद नाही. पण गहू फुकट मिळाला म्हणून पोळी होत नाही. तो गिरणीत न्यावा लागतो. तेल, मीठ, मिरची रेशनच्या पिशवीत नसते, ती दुकानातून आणावी लागते. रेशनची रांग, गिरणी, मामाचं दुकान: एका जेवणासाठी तीन ठिकाणं. दुकानातून तयार आट्याची पिशवी आणणाऱ्याला एकच.

अमर्त्य सेन यांनी १९८१ साली ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’मध्ये मांडलेला मुद्दा इथे उपयोगी पडतो. बाजारात अन्न आहे की नाही, एवढं विचारून पुरत नाही. ते कोणाच्या हाती, कशाच्या बळावर येतं, हेही विचारावं लागतं. सेन दुष्काळांबद्दल बोलत होते आणि लॉकडाउन म्हणजे दुष्काळ नव्हे, पण प्रश्न तोच आहे. दुकान उघडं होतं का, हे आम्ही नीट मोजलं. दुकानातून एकदम किती उचलता येतं, हे मोजलंच नाही.

मग करायचं काय? आकडे फेकून द्यायचे नाहीत. मी माझ्या चॅप्टरमध्ये दोन बदल केलेत. एक, फेऱ्यांच्या आकड्याशेजारी दर फेरीला किती खरेदी झाली हेही ठेवतेय, वहीतून जमेल तेवढं. एका दुकानाची वही म्हणजे शहर नव्हे, हे मला माहीत आहे. पण आलेखाला कोणता प्रश्न विचारायचा राहून गेला, हे तिने मला दाखवलं. दुसरं, ‘नियमपालन’ हा शब्द काढून ‘फेऱ्या’ असंच लिहितेय. शब्द साधा झाला, वाक्याचा रुबाब कमी झाला. गाइडनी विचारलं, मग याचा निष्कर्ष काय? मी म्हटलं, एवढाच, की कोण किती वेळा गेलं. का गेलं, ते वेगळं शोधावं लागेल.

त्या वहीत एप्रिलपासून एक बदल दिसतो. नोंदी तशाच बारक्या आहेत, पण ‘जमा’चा रकाना पानामागून पान कोरा आहे. मजुरी थांबली होती. मामाला घाऊकवाला रोख मागत होता आणि मामा उधार देत होता. या कोऱ्या रकान्याबद्दल पुढच्या लेखात लिहीन.

तोवर एक काम करा. २०२० मधली तुमच्या घरची किराण्याची यादी, बिल, फोनवरचे पैसे दिल्याचे जुने मेसेज, काहीही सापडलं तर बघा. एप्रिलमध्ये तुम्ही किती वेळा दुकानात गेलात, ते मोजा. आकडा लहान आला तर तो का लहान आला, हेही शेजारी लिहा.