छायाचित्राखालची ओळ

साहित्याची समीक्षा करणारी आपण मंडळी वृत्तपत्रातील छायाचित्राकडे सहसा वळत नाही. ते यंत्राचे काम, त्याचा शब्दाशी संबंध तो काय, अशी आपली समजूत असते. छायाचित्रणाचे शिक्षण घेणारे विद्यार्थीही बहुधा कॅमेरा, भिंग आणि प्रकाश यांतच गुंतलेले आढळतात. वस्तुतः वृत्तछायाचित्र हा चित्र आणि वाक्य यांच्या संयोगातून सिद्ध होणारा प्रकार आहे. चित्राखाली छापल्या जाणाऱ्या ज्या एक-दोन वाक्यांना वृत्तपत्राच्या कचेरीत फोटोओळ म्हणतात, त्यांच्यावाचून चित्राची साक्ष अपुरी राहते. ही ओळ गद्यलेखनाचाच एक प्रकार आहे आणि तिची परीक्षा भाषेच्या शिक्षकाने केली पाहिजे, हे येथे सांगावयाचे आहे.

यासाठी एक मराठी उदाहरण घेऊ. 13 एप्रिल 1919 रोजी जालियनवाला बागेत हत्याकांड झाले. त्यानंतर मुंबईचे छायाचित्रकार नारायण विनायक विरकर यांनी अमृतसरला जाऊन बागेची छायाचित्रे घेतली. गोळीबार केव्हाच संपलेला होता. विरकरांच्या हाती उरली होती ती भिंत आणि तिच्यावरील गोळ्यांच्या खुणा. त्यांनी नेमके तेच टिपले. चित्रात ना रक्त आहे, ना धावपळ. 1,650 गोळ्या झाडल्या गेल्या, सरकारी हिशेबानेच 379 माणसे मेली, बाहेर पडण्याच्या वाटा अरुंद होत्या, यांपैकी एकही गोष्ट ती भिंत स्वतः होऊन सांगत नाही. खालची ओळ काढून टाका, म्हणजे कोणत्याही जुन्या वाड्याची खचलेली भिंत आपण पाहत आहोत असे वाटेल. मात्र ओळ वाचून पुन्हा चित्राकडे वळावे, तो प्रत्येक खड्डा बोलू लागतो. उलट, नुसते आकडे असते आणि भिंत नसती, तर आकड्यांवर वाद घालता आला असता. भिंतीवर वाद घालता येत नाही. शब्द आणि चित्र परस्परांची उणीव अशी भरून काढतात. विरकरांचा मोठेपणा मला यात दिसतो की, जे आपण पाहिले नाही ते पाहिल्याचा आव त्यांच्या चित्राने आणला नाही.

हा संयम सर्वांनाच साधतो असे नाही. फेलीचे बेआतो याने 1858 साली लखनौच्या सिकंदरबागेचे जे प्रसिद्ध छायाचित्र घेतले, त्यात पटांगणात मानवी हाडे विखुरलेली दिसतात. संहार होऊन तेव्हा काही महिने लोटले होते आणि ती हाडे चित्रासाठी मुद्दाम मांडण्यात आली होती, असे अभ्यासक मानतात. भिंगाने जे समोर होते तेच टिपले. अपराध मांडणीचा, आणि ती मांडणी न सांगणाऱ्या ओळीचा.

अलीकडचे एक उदाहरण याहून बोधप्रद आहे. 1955 साली स्थापन झालेली वर्ल्ड प्रेस फोटो ही संस्था दरवर्षी जगातील वृत्तछायाचित्रांना पारितोषिके देते. 2015 मध्ये इटलीच्या जोव्हान्नी त्रोइलो यांना बेल्जियममधील शार्लरुआ शहरावरील चित्रमालिकेसाठी मिळालेले पारितोषिक संस्थेने परत घेतले. कारण एवढेच की, त्यांतील एक चित्र त्या शहरात घेतलेले नसून ब्रुसेल्सच्या मोलेनबेक भागात घेतलेले निघाले. एका स्थलनामाने सबंध मालिकेची प्रतिष्ठा घालविली. व्याकरणाच्या तासाला आपण ज्याला सप्तमी विभक्ती म्हणतो, तिचेही एक नीतिशास्त्र असते ते असे!

आता आपल्या वर्गाकडे वळू. मराठीच्या अध्यापनात चित्रवर्णन हा आवडता अभ्यास आहे. नदीकाठच्या बाईचे चित्र दाखविले की मुलगा तिला माहेरची आठवण आल्याचे लिहितो, आणि आपण त्याच्या कल्पनाशक्तीला गुण देतो. ललित लेखनाला हे पोषकच आहे. तथापि बातमीच्या चित्राखाली हीच सवय घातक ठरते. तेथे ती बाई कोण, गाव कोणते, दिवस कोणता, हे विचारून घ्यावे लागते. आणि जे विचारले नाही ते लिहू नये, एवढे बंधन पाळावे लागते. कल्पनेचे चित्रवर्णन आणि साक्षीचे चित्रवर्णन हे दोन भिन्न अभ्यास आहेत. पहिला आपण शिकवितो, दुसरा शिकवीत नाही. आज विद्यार्थ्याच्या खिशात कॅमेरा आहे आणि कधीही न घडलेल्या प्रसंगाचे हुबेहूब चित्र संगणक तयार करून देतो. अशा काळात ही उणीव उपेक्षणीय राहिलेली नाही.

आम्हा येळ्ळूरकरांना तर हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. 2014 च्या जुलैमध्ये ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’ हा फलक प्रशासनाने हटविला, ग्रामस्थांनी तो पुन्हा उभारला, तो पुन्हा काढण्यात आला आणि गावात पोलिसांचा लाठीमार झाला. समजा, फलक नाहीसा झालेल्या जागेचे एक छायाचित्र आपल्यापुढे आहे. एकजण त्याखाली लिहील, ‘अनधिकृत फलक हटविला’. दुसरा लिहील, ‘मराठीचा मानबिंदू उखडला’. चित्र एकच; पण दोन्ही ओळी निकाल देतात, साक्ष कोणतीच देत नाही. तारीख, जागा, फलक कोणी काढला, कोणत्या आदेशाने आणि कितव्यांदा, एवढे लिहिणारी तिसरी ओळ रुक्ष वाटेल, परंतु पन्नास वर्षांनी तीच उपयोगी पडेल. तारखेवाचून फिरणारे चित्र आज आपल्या बाजूने बोलते, उद्या तेच दुसऱ्या गावाचे म्हणून कोणी दाखविले तर त्याला अडविणार कोण? ज्याला आपला पक्ष न्याय्य वाटतो, त्याने तर ही ओळ अधिकच काटेकोरपणे लिहावी. विशेषणाने संताप व्यक्त होतो. पुरावा मात्र नामांनी आणि संख्यांनीच उभा राहतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. माध्यमिक वर्गांत चित्रवर्णनाच्या जोडीला महिन्यातून एकदा फोटोओळीचा अभ्यास घ्यावा. गावच्या बाजाराचे, भातलावणीचे वा ग्रामसभेचे छायाचित्र मुलांनीच घ्यावे आणि त्याखाली पंचवीस शब्दांत ओळ लिहावी. प्रत्यक्ष पाहिलेले, कोणाकडून ऐकलेले आणि स्वतः अनुमान केलेले, असे तिचे तीन भाग शिक्षकाने वहीत वेगळे करून घ्यावेत आणि तिसरा भाग खोडावयास सांगावा. उरलेल्या शब्दांना सुवाच्य अक्षरांसाठी नव्हे, तर खरेपणासाठी गुण द्यावेत.